एकाच फोनमध्ये कामासाठी दुसरा नंबर, कसं जमवायचं?

गोदाकाठची_फिजिओ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरी जाऊन फिजिओथेरपी देते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आणि पॅरालिसिसचे पेशंट जास्त. पहिल्यापासून सगळ्यांना एकच नंबर दिलाय, जो माहेरी, मुलाच्या शाळेत, बँकेत, आधारला आहे तोच. आता रात्री साडेदहाला एखाद्या पेशंटच्या सुनेचा व्हिडिओ येतो की आईंचा पाय असा सुजलाय, बर्फ लावू का शेक देऊ, आणि त्यांचं काही चुकत नाही हो, माणसं घाबरलेली असतात, पण मला दिवसातला तेवढाच वेळ मुलासाठी मिळतो. स्टेटसला बारशाचा फोटो टाकला तरी दुसऱ्या दिवशी चार घरी त्यावर बोलणं होतं. दुसरा हँडसेट नकोच, गाडीवर आधीच टेन्स मशीन, थेराबँड, कपडे सगळं असतं. फोन अँड्रॉइड आहे, दोन सिमचा. दुसरं सिम घ्यावं का ॲपवर नंबर मिळतो? आणि दोन-दोन रिचार्ज परवडतात का?

सिमकार्ड_सातारा:
ताई, ॲपवरच्या नंबराच्या नादी लागू नका. अमेरिकेत लोक गूगल व्हॉइसवर फुकट नंबर घेतात, आपल्याकडे ती सोय नाही, आणि प्लेस्टोअरवर कुठलं तरी परदेशी नंबर देणारं ॲप घेतलं तर पेशंट तो फोन उचलणारच नाही, फ्रॉड समजेल. सरळ सिम घ्या. माझं मोबाइलचं दुकान आहे, रोज हेच सांगतो. एका माणसाच्या नावावर 9 सिम चालतात (आसाम, ईशान्येकडची राज्यं आणि जम्मू-काश्मीरला 6), त्यामुळे तो प्रश्न नाही, फक्त आपल्या नावावर आधीच किती आहेत ते सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर एकदा बघून घ्या, कधी कधी भलताच नंबर निघतो. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ट्रे पण बघा, बऱ्याच फोनला दुसरं सिम किंवा कार्ड यातलं एकच बसतं. रिचार्जचं म्हणाल तर दुसऱ्या सिमवर नेट लागतच नाही, व्हॉट्सॲप पहिल्याच्या डेटावर चालतं. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये सांगितल्यावर नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक आले, जानेवारी 2025 मध्ये जिओचा 448 ला आणि एअरटेलचा 469 ला होता, दोन्ही 84 दिवसांचे. आजचा भाव ॲपमध्ये बघा, पॅक शोधावा लागतो, तो वरती दाखवत नाहीत.

आणि एक, नवीन नंबर म्हणजे कोरा नंबर असं नाही. बंद पडलेला नंबर 90 दिवस थांबून कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. घेतल्यावर आठवडाभर नुसता चालू ठेवा, कुणाच्या लोनच्या वसुलीचे फोन आले तर बदलून घ्या, मगच पेशंटना द्या.

विमा_आणि_बरंच:
मी उलटं करायला सांगेन. जुना नंबर गावभर पोचलाय, तो आता परत मागता येत नाही. चार वर्षांपूर्वीचा पेशंट शेजारच्या काकूंना तोच नंबर देणार. म्हणून जुना कामाला ठेवा आणि नवीन घरच्यांना द्या, घरची माणसं मोजकी असतात, एका संध्याकाळी सगळ्यांना कळवून होतं. मी एजंट आहे, असंच केलंय. जुन्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस (हे वेगळं ॲप आहे) टाका, आधी बॅकअप घ्या, चॅट तिकडे जातात. साधं व्हॉट्सॲप नवीन नंबरवर. त्यात बारसं टाका, वाढदिवस टाका, पेशंटला दिसणार नाही. बिझनेसमध्ये वेळ लावता येते आणि वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं. ते उत्तर मात्र नीट लिहा, नुसतं 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' असलं नको, सूज अचानक वाढली किंवा धाप लागली तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा असं स्पष्ट लिहा.

गोदाकाठची_फिजिओ:
हे उलटं करायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण बँक, आधार सगळं जुन्यावर आहे त्याचं काय? आणि रात्री ते सिम बंद केलं तर?

सिमकार्ड_सातारा:
बँकेचं काही हलवू नका, सिम त्याच फोनमध्ये आहे, ओटीपी येतच राहणार. विमावाल्या भाऊंचं मला पटलं. पण सिम बंद करून पूर्ण काम होत नाही, कॉल थांबतात, व्हॉट्सॲप नेटवर असल्यामुळे वाजतच राहतं. आणि सिम बंद असलं की ओटीपीही येणार नाही. त्यापेक्षा सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंगचा फोकस मोड असेल, तो ठरलेल्या वेळेत निवडलेलं ॲप थांबवतो, त्यात बिझनेस ॲप टाकून रात्री 9 ते सकाळी 7 लावा.

ठाण्याची_नर्स:
कॉलसाठी डू नॉट डिस्टर्ब लावा ताई, सिम चालूच राहू दे. घरचे नंबर स्टार करून त्यांना परवानगी द्या, आणि त्यात रिपीट कॉलर म्हणून असतं ते चालू ठेवा. एकच माणूस 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हाच वाजतो. खरंच अडलेला माणूस परत करतोच, सहज विचारणारा करत नाही. पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी तोंडी सांगून ठेवा की रात्री अगदीच गरज असेल तर लागोपाठ दोनदा करा. वॉर्डातून घरी गेलेल्या पेशंटसाठी आम्ही हेच सांगतो.

पुणे_नोकरदार:
नोकरीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी. कंपनीने दिलेलं सिम आपल्या फोनमध्ये घातलं तरी नंबर कंपनीचा असतो. माझ्या भावाने त्यावर बँक आणि यूपीआय जोडलं होतं, नोकरी सोडताना एचआरने त्याच दिवशी सिम मागून घेतलं आणि तो बँकेत खेटे घालत बसला. ताईंसारखं स्वतःचं काम असेल तर सिम स्वतःच्याच नावावर हवं, नवऱ्याच्या किंवा दिराच्याही नको.

विमा_आणि_बरंच:
अजून एक राहिलं. कॉन्टॅक्टमध्ये जाऊन प्रत्येक पेशंटला कामाचं सिम लावून ठेवा, नाहीतर गाडी लावता लावता 'दोन मिनिटांत पोचते' म्हणून घरच्या सिमवरून फोन जातो आणि नवीन नंबरही त्यांच्याकडे सेव्ह होतो. ज्याचं लावलं नसेल त्याला फोन दर वेळी सिम विचारेल असं सेटिंग करा. फीचा क्यूआर पण तपासा, त्यावर कुठला नंबर दिसतो ते.