शब्दचर्चा: प्रोग्रामिंग लँग्वेज 'सोपी', 'साधी' की 'सरळ'?

प्रश्न: कुठली लँग्वेज चांगली यावर वाद सुरू झाला की "आमची सोपी आहे" हे हमखास येतंच आणि तिथून पुढे नुसती हमरीतुमरी. गो लँग्वेजवाले म्हणतात आमची सोपी, पायथनवाले म्हणतात आमची, आणि लिस्प १९५८ सालची, तिचे चाहते आजही म्हणतात की नियम इतके कमी दुसरीकडे कुठे आहेत दाखवा. तिघांचंही खोटं वाटत नाही. मग 'सोपी'चा अर्थ नक्की काय धरायचा? मराठीत सोपं, साधं, सरळ, सुटसुटीत एवढे शब्द असताना आपण सगळीकडे एकच का वापरतो?

प्रतिसाद: सोपं म्हणजे पटकन जमणारं, आणि ते माणसागणिक बदलतं. वर्षानुवर्षं महिरपी कंस टाइप करणाऱ्याला लिस्पचे गोल कंस बघूनच घाम फुटतो, त्यात लिस्पचा दोष नाही. साधं म्हणजे ज्यात चार भानगडी एकमेकींत अडकलेल्या नाहीत ते, मग वापरणारा कुणी का असेना. क्लोजर ही लँग्वेज बनवणाऱ्या रिच हिकीने २०११ च्या एका भाषणात हाच फरक मांडला होता आणि लँग्वेज डिझाइनवर बोलताना लोक अजूनही तो काढतात.

पायथनमधलंच घ्या. फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली आणि आत तिच्यात एक आयटम अपेंड केला, की पहिल्या कॉलला लिस्टमध्ये एक आयटम, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. नवीन माणूस चक्रावतोच. पण नियम एका ओळीचा आहे, डिफॉल्ट व्हॅल्यू डेफ (फंक्शन बनवणारी ओळ) चालतं तेव्हा एकदाच बनते, दर कॉलला नवी बनत नाही. म्हणजे नियम साधा, पण सोपा अजिबात नाही.

प्रतिसाद: फरक पटला, पण 'साधी' म्हणजे आपोआप 'चांगली' असं कृपया करू नका. गो २००९ ला आली, कीवर्ड (राखीव शब्द) फक्त २५, आणि जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन वेगवेगळ्या टाइपांसाठी लिहायची सोय, यायला मार्च २०२२ चं १.१८ व्हर्जन उजाडलं. तोवर इंटच्या (पूर्णांकांच्या) यादीतला सगळ्यात मोठा आकडा काढायला एक फंक्शन, फ्लोटसाठी (दशांश आकड्यांसाठी) तेच कॉपी करून दुसरं, नाहीतर कुठलाही टाइप चालवून घेणारा एम्प्टी इंटरफेस वापरायचा आणि टाइप चेकिंगवर पाणी सोडायचं. लँग्वेज साधी राहिली पण गुंतागुंत कुठे गेली नाही, ती कोड लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडली. याउलट रस्ट लँग्वेजचा बॉरो चेकर, म्हणजे मेमरी कोण कधी वापरतंय हे तपासणारा कंपाइलरचा भाग, सुरुवातीला जीव नकोसा करतो, कंपाइलच होऊ देत नाही, पण मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरायची चूक सेफ रस्टमध्ये कंपाइलरच पकडतो, प्रोग्राम चालायच्या आधी. रस्ट सोपी नाही आणि साधी तर नाहीच नाही, तरी डिझाइन उत्तम आहे हे मी ठामपणे म्हणेन.

प्रश्नकर्ता: मग 'वाचायला सोपं' याचं काय करायचं? पायथनच्या वॉलरस ऑपरेटरवरून, म्हणजे एक्स्प्रेशनच्या आतच व्हेरिएबलला व्हॅल्यू द्यायची सोय, २०१८ मध्ये इतकं रण माजलं की प्रस्ताव मान्य केल्यावर पायथनचा जनक गीडो व्हान रॉसमने अंतिम निर्णय घेणाऱ्याचं पदच सोडलं. दोन्ही बाजू वाचनीयतेवरच बोलत होत्या, एक म्हणे एक ओळ कमी लागते, दुसरी म्हणे त्याच ओळीत डोक्याला जास्त ताण.

प्रतिसाद: तिथे 'सुटसुटीत' हा शब्द हवा होता. कमी ओळींत मावलेलं ते सुटसुटीत, ते वाचायला सोपं असेलच असं नाही. माझं स्पष्ट मत, 'सोपं' लिहिलं की पुढे 'कुणाला' आणि 'कशाला' हे लिहिलंच पाहिजे, शिकायला, लिहायला, की दुसऱ्याचा जुना कोड दुरुस्त करायला. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

'सरळ' राहिलं. वाचून जे वाटतं तेच घडतं ते सरळ. जावास्क्रिप्टमध्ये डबल इक्वलने (==) रिकामी स्ट्रिंग (मजकूर) आणि शून्य आकडा सारखे ठरतात, शून्य लिहिलेली स्ट्रिंग आणि शून्य आकडा पण सारखे, पण त्या दोन स्ट्रिंग एकमेकींशी ताडून बघा, सारख्या नाहीत! टाइप करायला सोपं आहे, पण याला सरळ कसं म्हणणार? त्यासाठीच तिथे ट्रिपल इक्वल (===) आहे, ते व्हॅल्यूंचा टाइप न बदलता तुलना करतं, आणि सहसा तेच वापरा असं सांगितलं जातं.