इंटर्नशिपचा निरोप बोटीवर: नियोजन कसं करावं?

प्रश्न: उन्हाळी इंटर्नशिप संपतेय. ४० जणांसाठी संध्याकाळी दोन तास बोट घ्यायची आहे. वेळ आणि भाषणं कशी बसवावीत?

प्रतिसाद: आधी परवान्यावरची प्रवासीसंख्या स्वतः वाचा आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का ते मोजा. टेबलं, स्पीकर आले की डेकवरची जागा घटते. ४० जणांना ५५-६० क्षमतेची बोट बरी. सूर्यास्ताच्या ७५ मिनिटं आधी सुटा, म्हणजे मावळतीनंतरचे रंगही पाण्यावरूनच दिसतील. निमंत्रणात सुटायच्या अर्धा तास आधीची वेळ लिहा. आणि खराब हवेमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्याच!

प्रतिसाद: भाषणं धक्क्यालाच, इंजिन सुरू होण्याआधी उरका. नंतर वारा थेट माइकमध्ये घुसतो. फोमचं आवरण लावलं तरी उघड्या डेकवर मागच्यांना शब्द कळत नाहीत. प्रमाणपत्रं तर उडतातच, ती फोल्डरमध्ये ठेवा. ग्रुप फोटोसाठी सगळे एकाच कठड्याकडे धावले की बोट कलते, तेव्हा कॅप्टनला विचारून मधोमध उभे राहा.

प्रतिसाद: बोट लागणाऱ्यांना खालच्या डेकवर मध्यभागी बसवा, तिथे हेलकावे सर्वांत कमी. नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून साधारण तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उंच टाचा नकोत, ओला डेक फार निसरडा असतो. सूर्य बुडाला की गारठा जाणवतो, जाकीट सांगून ठेवा.