दार बंद झालं, म्हणजे देव 'नको' म्हणाला का?

ऐरोलीकर

आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) लहान. रबाळ्याच्या वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढायचं गेल्या पावसाळ्यात ठरलं. गणित, इंग्रजी आणि दहावीवाल्यांना बसायला एक शांत खोली. पहिली खोली ठरली, टोकन दिलं, आठवड्याभरात मालकाने पैसे परत केले. दुसरी एका सोसायटीच्या तळमजल्यावर होती, तिथे सेक्रेटरींनी एनओसी नाकारली. तेवढ्यात शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाची पुण्याला बदली झाली. कमिटीच्या बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, "प्रभूने दार बंद केलंय, आपण ढकलू नये." सगळे आमेन म्हणाले, चहा आला, विषय संपला.

मला हे पटलेलं नाही. अडथळा आला म्हणजे देवाची इच्छा नाही, हा हिशेब शास्त्रात बसत नाही. प्रेषित पौल इफिसहून करिंथकरांना लिहितो (पहिलं पत्र, अध्याय १६) की मी इथेच राहणार, कारण मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारेही पुष्कळ आहेत. दार आणि विरोध, दोन्ही एका दमात! विरोध आहे म्हणून निघतो, असं तो म्हणत नाही. उलट योना संदेष्टा बघा. देवाने निनवेला जा म्हटलं, हा याफाला गेला, तर बंदरात तार्शीशचं जहाज तयार. भाडं भरलं आणि चढला. कुठे म्हणून अडचण नाही. त्या दिवशी योनाला साक्ष द्यायला उभं केलं असतं, तर 'सगळं कसं आपोआप जुळून आलं' हेच त्याने सांगितलं असतं.

उलट मत असेल त्यांनी अवश्य लिहा. 'प्रार्थना करा' एवढंच लिहू नका, ती चालू आहे.

नेरुळची मावशी

दादा, करिंथ काढलंत तसं प्रेषितांची कृत्ये १६ सुद्धा काढा. आशियात (तेव्हाच्या रोमी प्रांतात) वचन सांगायला पवित्र आत्म्याने पौलाला मनाई केली. मग बिथुनियाकडे वळले, तर येशूच्या आत्म्याने तिकडेही जाऊ दिलं नाही. पौलासारखा पौल, पण हट्टाला पेटला नाही. मुकाट्याने त्रोवसला आला, आणि मासेदोनियात या असं बोलावणारा दृष्टान्त त्याला तिथे झाला. बिथुनियाच्या वेशीवर भांडत बसला असता तर?

आणि ज्येष्ठांना नावं ठेवायची घाई नको. 'देव नको म्हणतोय' म्हणणारा माणूस फार तर घरी बसतो. 'सैतान अडवतोय' म्हणणारा समोरच्या माणसालाच सैतान करून टाकतो. दोन्ही तऱ्हेच्या मंडळ्यांत मी बसलेली आहे. पहिल्या तऱ्हेत काम कमी होतं, दुसऱ्या तऱ्हेत शेजारपाजार तुटतो. थेस्सलनीकाकरांना पौलाने लिहिलंय खरं की आम्ही यायला बघत होतो पण सैतानाने अडवलं. ते पौलाने लिहिलं. ऐरोलीच्या कमिटीने एका सेक्रेटरीबद्दल तसं बोलू नये.

ऐरोलीकर

सैतान आमच्यात कुणी काढलेलाच नाही, मावशी. आमच्याकडे सगळं खापर देवावर!

पण कृत्ये १६ वर थांबू नका. इफिस त्याच आशिया प्रांतात येतं. जिथे मनाई झाली तिथेच पुढे पौल तीन वर्षं राहिला, अध्याय २० मध्ये तो स्वतः सांगतो. म्हणजे ते 'नको' त्या वेळेपुरतं होतं. बिथुनियाचंही तेच: पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत बिथुनियातल्या विश्वासणाऱ्यांचा उल्लेख आहे. दुसरं कुणीतरी पोहोचलंच की. शिवाय मनाई नेमकी कशी झाली, हे कृत्ये लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलंच नाही. आजारपण होतं, रस्ता बंद होता की मनाला शांती नव्हती, काहीच कळत नाही. आमच्या कमिटीला मात्र एका एनओसीवरून सगळं कळलं.

घणसोलीचा निवांत

मी नाताळ आणि ईस्टरपुरता ख्रिस्ती, तेव्हा वचनं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, मालकाने पैसे का परत केले? सेक्रेटरी नाही का म्हणाले? विचारलं कुणी? की थेट वरूनच उत्तर मागवलं?

आमच्या सोसायटीच्या कमिटीवर मी होतो, म्हणून सांगतो. रहिवासी इमारतीत शिकवणीवर्ग म्हटला की पहिला प्रश्न पार्किंगचा, दुसरा जिन्यातल्या चपलांचा, तिसरा आवाजाचा. योग क्लासलाही हेच विचारलं होतं. आणि तुमच्या बाबतीत चौथा प्रश्न असतो, तो तोंडावर कुणी विचारत नाही: हा अभ्यासवर्ग आहे की प्रार्थनासभा? आजच्या दिवसांत हा संशय येतो, तो रास्त असो वा नसो. पत्रकावर काय छापलं होतं?

ऐरोलीकर

वर क्रूस, मंडळीचं नाव, खाली 'मोफत अभ्यासवर्ग व प्रार्थना'. त्यात लपवण्यासारखं काय आहे? क्रूस काढला असता, तर उद्या लोक म्हणाले असते की नाव लपवून आले.

घणसोलीचा निवांत

क्रूस ठेवा की! 'व प्रार्थना' मधल्या 'व' बद्दल बोलतोय मी. दहावीच्या मुलाची आई पत्रक हातात घेते तेव्हा गणितासाठी प्रार्थनेला बसावं लागेल का, हे तिला कळायला हवं. नसेल बसावं लागणार, तर तसं लिहा. असेल, तर सेक्रेटरींनी बरोबर केलं, देवाला मध्ये आणू नका.

नेरुळची मावशी

हे मात्र मला पटलं. बलामाची गाढवी आठवली (गणना २२). रस्त्यात अडून बसली म्हणून बलामाने तिला तीनदा झोडपलं. पुढे तलवार घेऊन देवदूत उभा होता, तो तिला दिसत होता, याला नाही. आणि ती बोलली तेव्हा काय बोलली? मी कधी अशी वागले होते का, एवढंच. आपल्याला अडवणाऱ्याला आपण एक साधा प्रश्नही विचारत नाही.

सेक्रेटरींना गाढवी म्हणतेय असं कृपया कुणी समजू नये.

तलावपाळी

मी कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडचा दाखला देतो. इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सोबत्यांनी १५३४ साली पॅरिसजवळ मोंमार्त्रला व्रत घेतलं की जेरुसलेमला जायचं. पण त्याच वेळी हेही ठरवून टाकलं की व्हेनिसमध्ये एक वर्ष वाट बघायची, जहाज मिळालं नाही तर पोपकडे जायचं आणि ते पाठवतील तिथे काम करायचं. १५३७ ला व्हेनिसमध्ये जमले, तर व्हेनिस आणि तुर्कांचं युद्ध पेटलेलं, यात्रेकरूंचं जहाज निघालंच नाही. ठरल्याप्रमाणे ते रोमकडे वळले. १५४० मध्ये त्यांच्या येशूसंघाला (जेझुइटांना) मान्यता मिळाली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की अडथळ्याचा अर्थ काय घ्यायचा हे त्यांनी अडथळा येण्याआधी ठरवलं होतं. ऐरोलीकरांच्या कमिटीने नंतर ठरवलं, तेही कंटाळलेल्या अवस्थेत. इग्नेशियसचा एक नियम इथे थेट लागू होतो: मन उदास, कोरडं झालं असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना वाढवा, स्वतःची तपासणी करा, पण निर्णय तसाच राहू द्या. खोली गेली, माणूस गेला, सगळे हिरमुसलेले, आणि त्याच बैठकीत 'देवाची इच्छा नाही' असा ठराव!

घोडबंदर

इतका काथ्याकूट कशाला? कृत्ये १ मध्ये प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. गिदोनाने देवाचं चिन्ह बघायला रात्री लोकर ठेवली होती. आपणही देवाकडे स्पष्ट चिन्ह मागावं: महिन्याभरात तिसरी खोली मिळाली तर हो, नाहीतर नाही.

नेरुळची मावशी

चिठ्ठ्या पेंटेकॉस्टच्या आधी टाकल्या. आत्मा उतरल्यावर कृत्ये संपेपर्यंत मंडळीने पुन्हा चिठ्ठी टाकलेली दिसत नाही, एकत्र बसून बोलणंच दिसतं. आणि गिदोनाला देवाने लोकरीच्या आधीच जा म्हणून सांगितलं होतं (शास्ते ६). लोकर त्याच्या भीतीसाठी होती. देवाने सांभाळून घेतलं, हा देवाचा मोठेपणा.

घोडबंदर

मग इग्नेशियसचं एक वर्ष आणि माझा एक महिना यात फरक काय?

तलावपाळी

फरक आहे. 'तुम्ही' महिना ठरवून देवाला कामाला लावता. त्यांनी वर्ष ठरवून स्वतःला बांधून घेतलं, आणि त्या वर्षात नुसतं थांबले नाहीत, इस्पितळांत रुग्णांची सेवा केली. तरी तुमचा प्रश्न सोपा नाही, हे कबूल.

ठाण्यातलाच दाखला बघा. इराणच्या आखातातल्या ओर्मुझहून निघालेल्या चार फ्रान्सिस्कन संन्याशांना कोल्लमला जायचं होतं. वाऱ्याने गलबत ठाण्याला आणलं. इथल्या ख्रिस्ती कुटुंबाकडे ते उतरले आणि १३२१ मध्ये मारले गेले. त्यांच्याबरोबरचा डॉमिनिकन संघाचा जॉर्डनस तेव्हा ठाण्यात नव्हता, म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि पुढे १३२९ मध्ये तोच कोल्लमचा बिशप झाला. आता सांगा, तो वारा देवाचा होता का? चौघांना हुतात्मा म्हणून मान मिळाला तेव्हा लोक हो म्हणाले. गलबत हेलकावे खात होतं तेव्हा त्यांच्यापैकी कुणाला काय कळलं असेल?

घणसोलीचा निवांत

ठाण्याच्या तलावपाळीला इतक्या वेळा भेळ खाल्ली, पण ही गोष्ट माहीतच नव्हती. पण निकाल लागल्यावर अर्थ लावायचा तर काहीही सिद्ध होतं. वर्ग निघाला तर 'देवाने परीक्षा घेतली', नाही निघाला तर 'देवाने वाचवलं'. हरण्याची सोयच नाही!

नेरुळची मावशी

खरंय. तरी मागे वळून बघितल्याशिवाय राहवत नाही माणसाला. योसेफानेही भावांना मिसरात गेल्यावरच सांगितलं की देवाने मला पुढे पाठवलं. भावांनी विहिरीत टाकलं होतं तेव्हा तसं काही बोललेला नाही.

ऐरोलीकर

पुढच्या रविवारी उपासनेनंतर बैठक लावून घेतोय. तीन गोष्टी मांडणार: सेक्रेटरी आणि आधीचे मालक, दोघांकडे जाऊन कारण विचारायचं, पत्रकातला 'व' काढायचा, आणि शाळा सुरू होईपर्यंतची मुदत आधीच लिहून ठेवायची. मुदत संपली आणि खोली मिळाली नाही, तर दोन घरांच्या ओसरीवर पाच-पाच मुलं बसवू.

मावशींचा एक मुद्दा मात्र मी मान्य करत नाही. 'देव नको म्हणतोय' म्हणणारा फार तर घरी बसतो, असं त्या म्हणाल्या. तो बसतो, पण वस्तीतल्या मुलांनाही बसवतो. मार्चमध्ये त्यातल्या चौघांची दहावी आहे.

नेरुळची मावशी

चौघं आहेत हे आधी का नाही सांगितलं? खोली मिळायची तेव्हा मिळेल. नेरुळहून रबाळ्याला लोकल आहे. बीजगणित मला द्या, भूमितीला दुसरं कुणी बघा.