आत्महत्येने मुलगा गेलेल्या घरी भेट: काय बोलावं, काय टाळावं?

उपदेशक_नगर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्याकडे तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांना मिळून एकच पाळकसाहेब (पास्टर) आहेत, त्यामुळे घरभेटी बऱ्याचदा आम्हा उपदेशकांनाच कराव्या लागतात. मंडळीतल्या एका घरचा 19 वर्षांचा मुलगा गेल्या आठवड्यात आत्महत्येने गेला. आई एकच विचारते, "माझं लेकरू नरकात गेलं का?" 15 वर्षांच्या धाकट्या भावाने त्याला आधी पाहिलं. तो कोणाशीच बोलत नाही. काही लोक त्या घराकडे फिरकत नाहीत, आणि जे जातात ते उपदेश करून येतात. भेटीला जाऊन नेमकं काय करावं? आईला काय सांगावं?

ओसरी

दोघांनी जा, त्यात एक बाई असू द्या. घोळका नेऊ नका. फोन बंद ठेवा. घरचे जमिनीवर बसले असतील तर तुम्हीही जमिनीवर बसा, खुर्ची मागू नका. अर्धा तास पुरे. दमलेल्या माणसांना पाहुण्यांसमोर सावरून बसणं हेही ओझंच असतं.

मुलाचं नाव घ्या. आत्महत्येनंतर लोक नाव घ्यायचंच सोडतात, आणि आईला वाटतं की तो कधी नव्हताच असं सगळ्यांनी ठरवलंय. "मावशी, त्याच्याबद्दल सांगावंसं वाटतंय का?" एवढं विचारून गप्प बसा. ती नाही म्हणाली तरी चालेल. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली तेव्हा त्याचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, कोणी शब्द काढला नव्हता. तोवर त्यांचं बरोबर होतं. पुढे त्यांनी दुःखाचं कारण समजावायला घेतलं, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला.

"देवाची इच्छा होती", "देवाला चांगली माणसं लवकर लागतात", "खंबीर राहा" ही वाक्यं घरी ठेवून जा. पहिल्या दोन वाक्यांनी तिच्या नजरेत देवच लेकराला नेणारा ठरतो, मग ती प्रार्थना कोणाकडे करणार? तिसऱ्याने रडायचीही चोरी होते.

प्रार्थनेआधी "प्रार्थना करू का?" असं विचारा. दोन मिनिटांत संपवा आणि प्रार्थनेत प्रवचन घुसवू नका. वाचायचं तर बायबलमधलं स्तोत्र 13 घ्या, त्यात "कोठवर?" हा प्रश्न चारदा आहे. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तेही पुढे कधीतरी तिच्या कामी येईल. रोमकरांस 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) मात्र आत्ता नको. वचन खरं आहे, पण आठव्या दिवशी ते आईला "तुझं दुःख आवर" असं ऐकू येतं.

निघण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे बघा. चूल पेटली आहे का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री झोप लागते का, पाणी तरी पोटात जातंय का. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने खचून झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला आधी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं त्यानंतर.

कागदपत्रांचंही बघा. अशा मृत्यूत पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन झालेलं असतं, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. बापाला पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत एकट्याने जाऊ देऊ नका.

मनमोकळे (समुपदेशक, पुणे)

धाकट्याबद्दल सांगतो, कारण मंडळीतल्या चुका इथेच जास्त होतात.

त्याला "काय पाहिलंस?" असं विचारू नका. सगळ्या घराला बसवून प्रत्येकाने पाहिलेलं सांगायचं, अशी बैठक तर मुळीच नको. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना नाकारते, त्याने त्रास टळत नाही. तो आपणहून बोलला तर ऐका. बोलला नाही तर बरोबर बसा, काम करा, बॉल टाका.

डोळे मिटून लांब प्रार्थना त्याला अवघड जाऊ शकते. डोळे मिटले की तेच दृश्य समोर येतं. म्हणून उघड्या डोळ्यांनी, पाय जमिनीला टेकवून, दोन ओळींची प्रार्थना. विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नका. रात्री दचकून उठणं, ते दृश्य पुन्हा दिसणं, त्या खोलीत पाय न टाकणं ही आघाताची लक्षणं आहेत. त्यांना बाधा म्हणून उपास-प्रार्थनेला बसवू नका. जे पोर आधीच जेवत नाही त्याला उपास कसला? महिना उलटूनही हे कमी झालं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. शाळा, जेवण, झोप पार बिघडली असेल तर महिनाही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो.

त्याच्याशी बोलायचं ते ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं, घरच्यांना सांगून. बंद खोलीत नाही.

आणि आईला, बापाला, धाकट्याला वेगवेगळं, सरळ विचारा: "इतक्या दुःखात काही जणांना जगावंसं वाटत नाही. तुमच्या मनात मरणाचा विचार येतो का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मन हलकं होतं. आई "त्याच्यापाशी जावंसं वाटतं" म्हणाली तर ती ओढ शोकात बऱ्याचदा असते. तरी पुढचं विचाराच: कसं, कधी, हे ठरवलंय का? हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या त्याच दिवशी दुसरीकडे हलवा, तिला दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं. तातडीला 112. आणि "हे कोणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, हे बोलण्यापूर्वीच सांगा.

वसईकर

आईच्या प्रश्नावर. "नाही हो, स्वर्गातच गेला" असं घाईने म्हणू नका, तिला त्यातली पळवाट कळते. आधी तिची भीती ऐका: "ही भीती रात्रंदिवस छळते ना?" मग जे ठाऊक आहे तेवढंच सांगा. बायबलमधला इस्राएलचा राजा शौल स्वतःच्या तलवारीवर पडून मेला, तरी याबेश-गिलाद गावचे लोक रात्रभर चालून गेले, त्याचा देह आणला, अस्थी पुरल्या, सात दिवस उपास केला. पुढे राजा झालेल्या दाविदाने त्याच्यासाठी विलाप केला. त्याच्या नरकाचा हिशोब कोणी मांडला नाही.

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये 1917 च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. 1983 च्या कायद्यात ती अट राहिली नाही. चर्चची शिकवण मांडणारा धर्मशिक्षण ग्रंथ तर स्पष्ट सांगतो की तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. प्रोटेस्टंट आईलाही हे सांगायला हरकत नाही. तिला म्हणा, "ज्याने त्याला घडवलं, त्याच्याच हाती तो आहे."

उपदेशक_नगर

तिघांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. रविवारी मंडळीत काय जाहीर करू? आणि किती दिवस जात राहायचं?

ओसरी

जाहीर करण्याआधी आईबापाला विचारा, कोणते शब्द चालतील ते त्यांनीच ठरवावं. कसं झालं, चिठ्ठी होती का, यातलं काहीही बोलायचं नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर "प्रार्थना विनंती" म्हणून घरातली गोष्ट टाकू नका, गावभर जायला तेवढंच पुरतं. फोटोही नको.

लोक महिनाभर येतात, मग थांबतात, आणि दुःख तर तेव्हा उतरतं. आताच वहीत तारखा लिहा: दुसरा आठवडा, चाळिसावा दिवस, तिसरा महिना, मुलाचा वाढदिवस, निकालाचा दिवस, नाताळ, पहिला स्मृतिदिन. प्रत्येक तारखेपुढे कोण जाणार त्याचं नाव लिहा, नाहीतर कोणीच जात नाही. वर्षभरानंतरही आई रोजच्या कामात परतू शकत नसेल, दिवसभर त्याच ओढीत असेल, तर ते कमी विश्वासाचं लक्षण समजू नका. लांबलेल्या शोकावर उपचार आहेत, तिला तज्ज्ञाकडे न्या.

रविवारसाठी एवढं पुरेल: "आपल्या मंडळीतलं एक कुटुंब मुलाच्या मृत्यूने दुःखात आहे. कसं आणि का हे त्यांना विचारू नका. डबा पोचवायची इच्छा असेल त्यांनी उपासनेनंतर वहीत नाव आणि वार लिहावा."