शिक्रा पंधरा दिवसांत हातावर?

तापीकाठ: काल अमळनेरकडच्या एका पोराने फोटोसकट लिहिलं, 'शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) उपाशी ठेवा, पंधरा दिवसांत हातावर येतो.' खाली 'भारी भो, मलाबी शिकव'. वाचून रात्री झोप लागली नाही. अरे, शिकारी पाखरं पाळून शिकवणारे बाजदार पाखराला उपाशी मारत नाहीत, रोज तोलतात. शंभर-दोनशे ग्रॅमचा जीव, दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी खेळ संपतो. फोटोत तर पायाला चक्क सुतळी आहे! १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहेच.

चोपडेकर: कायदा नका शिकवू. २०१० साली युनेस्कोने ही बाजदारीची कला वारसा म्हणून मान्य केली. भावनगरचे धर्मकुमारसिंहजी बाजदार होते आणि पक्षीतज्ज्ञही. मोकळं सोडलेलं पाखरू आपणहून हातावर येतं, तो छळ कसा?

तापीकाठ: युनेस्कोच्या त्या यादीत भारत नाही. आणि धर्मकुमारसिंहजींचा जन्म त्यात गेला, या पोराचे पंधरा दिवस.

रावेरची केळी: शिक्र्यावर भांडताय, इकडे उंदरांच्या औषधाने घुबडं चाललीत. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत फिरतो, घुबड तोच उचलतं. मागच्या हिवाळ्यात आमच्या खळ्यात गव्हाणी घुबड पंख पसरून पडलं होतं, चोचीतून रक्त. माझी लेक दोन दिवस नीट जेवली नाही.

कपाशीवाला: हरभरा उंदरांनी खाल्ला तर भरून देणार का तुम्ही? शहरात बसून शेतकऱ्याला शिव्या घालणं सोपंय.

रावेरची केळी: शहरात कोण बसलंय? सहा एकर केळी आहे माझी! औषध बंद करा म्हटलं नाही, मेलेले उंदीर गोळा करून पुरा म्हणतोय. ११३ वर्षं कोणाला न दिसलेला रानपिंगळा, तेही घुबडच, १९९७ला आपल्या शहाद्याजवळ सापडला. तोही असाच घालवायचा का?

कपाशीवाला: पुरायचं ते ठीक. एवढंच आधी सांगायचं होतं.

चोपडेकर: मूळ मुद्द्यावर या. माझा आजा शिक्रा मुठीत धरून तितरावर भिरकवायचा. पण रोज छातीचं हाड चाचपायचा. ते बोटाला सुरीसारखं लागलं, म्हणजे पाखरू फार वाळलं, की शिकार बंद. त्या पोराने चाचपलं नसेल, एवढं मान्य.

मूळ पोस्टवाला: आत्ता चाचपलं. सुरीसारखंच लागतंय. काय करू?

तापीकाठ: सुतळी काप. पोटभर चारू नको, एकदम भरवलं तर मरेल. खोक्यात, अंधारात, उबेला ठेव आणि १९२६ या नंबरवर वनखात्याला फोन लाव.

चोपडेकर: मी गावातच आहे. येतो अर्ध्या तासात.