नागली खा, जनुकं बदला?

गंगापूररोडकर: सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय: 'आहाराने जनुकं बदलतात. मिसळ सोडा, नागली खा, आतड्याचा कॅन्सर होणारच नाही.' हे 'होणारच नाही' डोक्यात गेलं. जनुकातली अक्षरं आहेत तीच राहतात हो, कुठलं चालू नि कुठलं बंद एवढंच हलतं. नागलीतला चोथा (फायबर) मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी आंबवला की ब्युटिरेट नावाचं रसायन तयार होतं. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांवरचे ॲसिटिल गट (छोटी रासायनिक लेबलं) काढणाऱ्या विकरांना (एन्झाइम) ते अडवतं, म्हणून काही जनुकं उघडी राहतात. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी याने मरतातही. पण पेशी बशीतल्या! माझे वडील माळकरी, अंड्याला शिवले नाहीत. ५८व्या वर्षी गाठ निघाली. रक्त पडायचं, आणि आम्ही सहा महिने मूळव्याध म्हणून मलम लावत बसलो.

पेठची नागली: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण एका माणसावरून चोथा मोडीत काढणार? २०१५ साली अमेरिकेतले आफ्रिकन वंशाचे २० जण आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण यांचं जेवण फक्त दोन आठवडे उलटसुलट केलं. चोथा वाढला त्यांच्यात ब्युटिरेट वाढलं, आतड्याच्या अस्तराची सूज कमी झाली. उलट्या बाजूला उलटं. बशीत नाही, माणसांत!

गंगापूररोडकर: सूज उतरली, मान्य. कॅन्सर टळला का, हे दोन आठवड्यांत कसं कळणार?

तर्रीबाज: मुळात मिसळीने काय घोडं मारलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं, प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम, तर धोका १८ टक्क्यांनी जास्त. मटकी हे सॉसेज आहे का? मोडाची मटकी म्हणजे चोथाच की!

पेठची नागली: वाटीत मटकी चमचाभर, वर बोटभर तेल, जोडीला मैद्याचे चार पाव. म्हणे चोथा!

तर्रीबाज: चार कोण खातं? दोन. आणि तर्री वेगळी मागवायची असते ताई. कुठल्या तुम्ही, पुण्याच्या?

पेठची नागली: पेठ तालुक्यातली आहे. नाचणी नाही, 'नागली' म्हणते, यावरून कळायला हवं होतं.

निफाडचा बागवाला: मिसळ संपली की द्राक्षाच्या फवारणीवर येणार, आधीच सांगतो, युरोपला जाणाऱ्या मालाचे अवशेष तपासूनच कंटेनर भरतो.

तर्रीबाज: आणि आम्हाला हातगाडीवर मिळतो तो?

निफाडचा बागवाला: तुम्ही मिसळीवरच बोला.

गंगापूररोडकर: धागा माझा होता, एवढी फक्त आठवण. नागली आमच्याकडेही येते, घ्या, झालं समाधान? पण घरात आतड्याच्या कॅन्सरची पार्श्वभूमी असली तर भाकरीवर भागत नाही. पुढच्या मंगळवारी माझी कोलोनोस्कोपी आहे, दुर्बिणीने आतडं तपासतात ती.

तर्रीबाज: काळजी घ्या दादा. आदल्या दिवशी मिसळ चालते का?

गंगापूररोडकर: चोथ्याचं काहीच नाही. आतडं धुऊन निघावं लागतं. भाकरीही बंद.

तर्रीबाज: ऐकलं का पेठवाल्या ताई? नागलीही बंद!