फॉस्फेट शून्य, तरी दगडांवर हिरवं शेवाळ! मदत हवी आहे

ठाण्यात राहतो. खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक, पाणी साधारण 150 लिटर, 7 महिने झाले. दोन क्लाऊनफिश, एक डॅमसेल, 12 किलो लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड), स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) दिवसरात्र चालू.

सुरुवातीला तपकिरी थर आला होता, तो आपोआप गेला. तेव्हा वाटलं, जिंकलो. आता दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ आलंय, बोटभर लांब. दर रविवारी जुन्या टूथब्रशने घासतो, शुक्रवारपर्यंत पुन्हा तसंच. (आई विचारते, तुळशीला घालू का? अगं, मिठाचं आहे ते!)

सॅलिनिटी 1.025, तापमान 27, नायट्रेट 10, फॉस्फेट 0 (ही दोन्ही शेवाळाचं खाद्य). या शून्यानेच डोकं फिरलंय. मग हे खातंय काय?

लाइट 10 तास. फ्रोझन मायसिस (माशांचं खाद्य, कोळंबीसारखे बारीक जीव) दोन वेळा, कपात वितळवून पाण्यासकट ओततो. रोज दीडेक लिटर पाणी उडतं, तेवढं घरच्या आरओचं भरतो. टर्बो गोगलगायी 3 आणल्या. एक उलटी पडून मेली, उरलेल्या दोघी नुसती काच चाटतात, दगडांकडे ढुंकूनही बघत नाहीत. दुकानदाराने औषध दिलंय, पण बाटलीवर कॉपर लिहिलंय. टाकू का?

प्रतिसाद:
अजिबात नको! गोगलगायी आधी मरतील, आणि कॉपर दगडात मुरलं की पुढे कोळंबीही ठेवता येणार नाही.

फॉस्फेट येतंय, पण आलं की शेवाळच गट्ट करतं. टेस्ट किटला दिसायला उरतच नाही. मायसिस चहाच्या गाळणीत धुऊन घाला, लाइट 7 तासांवर आणा. दगड घासायचे ते टँकमधून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नको.

आणि आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी साधं पाणी परत मिसळलेलं असतं बऱ्याचदा. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेलं सगळं टँकमध्येच राहतं. 7 महिने रोज दीड लिटर, करा हिशोब.

धागाकर्ता:
शेजारच्या काकांचा मीटर आणला. नळाचं 90, आरओचं 48! म्हणजे निम्मं नळाचंच पाणी ओतत होतो की. मशीनच्या आत मिसळायचा छोटा व्हॉल्व्ह सापडलाय, पण तो बंद केला तर घरात पाण्याच्या चवीवरून बोलणी बसतील. त्यापेक्षा टँकपुरतं डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) वेगळं डबडं जोडावं म्हणतो. सुटं रेझिन ठाण्यात किंवा मुंबईत कुठे मिळेल? आणि साधारण किती लिटरनंतर बदलावं लागतं?